रेणू कोणता, त्याआधी नमुना केव्हा?

डिचोली तालुक्यातून एका विद्यार्थिनीने लिहिले आहे : “मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. जैवतंत्रज्ञान हा माझा विषय आहे आणि कॉलेजच्या फुटबॉल संघात मी खेळते. माझे बाबा पूर्वी खाणीवर मशीन चालवायचे; खाण बंद झाल्यावर ते दुकानात बसू लागले आणि काही वर्षांतच त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर रोज चालायला सांगितले आहे. व्यायामाने शरीराच्या चयापचयात रेणुपातळीवर नेमके काय बदलते, याचा अभ्यास मला पुढे करायचा आहे. आई म्हणते, चालल्याने साखर उतरते हे शेजारच्या आजीलाही ठाऊक आहे, त्यात शिकायचे काय? मी बी.एड. करावे असे तिला वाटते. प्रकल्पासाठी मी आयरिसिन हा रेणू निवडला असून संघातल्या मुलींचे रक्त सरावाआधी आणि सरावानंतर घेऊन किटवर तपासायचे, असा विचार आहे. किटसाठी पैसेही साठवले आहेत. ही निवड बरोबर आहे का? पुढे जैवरसायनशास्त्र घ्यावे की क्रीडाविज्ञान? यासाठी गोवा सोडावाच लागेल का? आणि बाबांच्या गोळ्या व्यायामाने सुटतील का?”

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद. तुझ्या पत्रातला सर्वांत चांगला प्रश्न तुझ्या आईने विचारला आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करू या. चालल्याने साखर उतरते हे आजीला ठाऊक आहे, यात शंका नाही. परंतु ज्या माणसाच्या शरीरात इन्शुलिन असूनही स्नायू त्याला दाद देत नाहीत, त्या माणसाच्या स्नायूंत चालताना साखर शिरते तरी कशी, हे आजीला ठाऊक नाही, आणि विसाव्या शतकाची शेवटची दशके उजाडेपर्यंत ते वैज्ञानिकांनाही नीटसे ठाऊक नव्हते.

जेवणानंतर रक्तातील साखर वाढली की इन्शुलिन स्नायूच्या पेशीला संकेत देते. पेशीच्या आत राखून ठेवलेली ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पटलाकडे सरकतात आणि त्यांच्यामधून ग्लुकोज आत जाते. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हा संकेत पेशीच्या दारापर्यंत पोहोचतो, पण आतल्या साखळीत तो क्षीण होत जातो. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा मात्र हीच वाहक प्रथिने इन्शुलिनची साखळी वगळून, वेगळ्या संकेतांच्या आधारे पटलापर्यंत येतात, आणि मधुमेही माणसाच्या स्नायूंतही ही दुसरी वाट बरीचशी शाबूत राहते. व्यायाम थांबल्यावर ती काही तासांत मंदावते. परंतु त्यानंतर तोच स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागतो आणि हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो. मधुमेहींनी व्यायामात सलग दोन दिवसांहून अधिक खंड पाडू नये, असे डॉक्टर सांगतात त्यामागे हेच कारण आहे. एवढे आईला सांगितलेस तर आजीचे ज्ञान कुठे संपते आणि तुझा अभ्यास कुठे सुरू होतो, हे तिच्या लक्षात येईल असे मला वाटते.

बाबांच्या गोळ्यांविषयीही इथेच लिहिणे योग्य ठरेल. त्या कमी होतील की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी एचबीए१सीची, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी, तपासणी पाहून ठरवायचे आहे. तू किंवा मी नव्हे. मधुमेहाच्या काही गोळ्या शरीराला अधिक इन्शुलिन सोडायला लावतात, आणि अशी गोळी घेणाऱ्याने एकाएकी चालणे वाढवले तर साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. म्हणून बाबांची गोळी कोणत्या गटातली आहे हे आधी डॉक्टरांना विचारून घे, चालायला जाताना त्यांच्या खिशात साखर किंवा गोड बिस्किटे असू देत, आणि घाम, थरथर किंवा घाबरेपणा जाणवला तर तिथेच थांबून ती खायची हे त्यांना पक्के सांगून ठेव. रात्रीच्या जेवणानंतर थोडा वेळ चालणेही उपयोगाचे असते, कारण भाताची साखर रक्तात येते ती त्याच सुमारास. पायांना जखम नाही ना, हे रोज पाहण्याची सवय त्यांना लावून दे. रेणूंची थोडी ओळख झाली की घरातल्याच माणसावर प्रयोग करण्याचा मोह होतो. तो मात्र कटाक्षाने टाळ.

बाबांसारखी माणसे आपल्या राज्यात किती आहेत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत गोव्याचाच आकडा सर्वाधिक होता. तेव्हा हा विषय गोव्यातल्या मुलीला सुचावा यात आश्चर्य नाही; आश्चर्य वाटते ते तो अधिक मुलामुलींना सुचत नाही याचे.

आता तुझ्या प्रकल्पाकडे वळतो. तू रेणू आधी निवडलास आणि प्रश्न मागाहून शोधते आहेस, असे तुझे पत्र वाचून वाटले. या विषयात तो क्रम उलटा असावा लागतो, आणि प्रश्न ठरल्यावरही पुढची पायरी रेणूची नसून वेळेची असते : व्यायाम सुरू झाल्यापासून किती वेळाने, आणि शरीराच्या कोणत्या भागातून नमुना घ्यायचा? माझे म्हणणे पटण्यासाठी १९६६ सालचा एक प्रयोग तू मुळातून वाचावास. योनास बेर्गस्त्रोम आणि एरिक हुल्टमन हे दोन स्वीडिश वैज्ञानिक स्वतःच त्या प्रयोगाचे विषय होते. एकाच व्यायाम-सायकलीवर प्रत्येकाने एकेक पाय चालवला आणि दुसऱ्या पायाला विश्रांती दिली. दमेपर्यंत सायकल चालवल्यावर त्या पायातील ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जवळजवळ संपले. मग पुढचे तीन दिवस त्यांनी पिष्टमय आहार घेतला आणि मांडीच्या स्नायूतून सुईने नमुने काढत राहिले. विसावलेल्या पायातले ग्लायकोजेन फारसे बदलले नाही. चालवलेल्या पायातले मात्र त्याच्या सुमारे दुप्पट झाले.

या निष्कर्षाची ताकद कशात आहे, ते पाहा. दोन्ही पायांना मिळणारे रक्त एकच होते, इन्शुलिन एकच होते, आहार, झोप आणि वंश एकच होता. तरीही फरक पडला, याचा अर्थ व्यायामाची काहीएक खूण त्या स्नायूच्या आतच उरली होती आणि ती तीन दिवस टिकून होती. ग्लायकोजेन हा काही तेव्हा नवा रेणू नव्हता, उपकरणही साधी सुईच होती. पण तुलना इतकी नेटकी होती की त्या खुणेचा शोध पुढे कित्येक दशके चालू राहिला. आजही मला कोणी या क्षेत्रातला आदर्श प्रयोग विचारला, तर लाखो रेणू मोजणाऱ्या यंत्रांच्या आधी मी त्या सायकलीचेच नाव घेईन.

वेळेचे महत्त्व कळण्यासाठी स्नायूच्या आत काय घडते ते क्रमाने पाहायला हवे. आकुंचनाला लागणारी ऊर्जा एटीपी या ऊर्जावाहक रेणूतून मिळते आणि त्याचा स्नायूतील साठा जोराच्या धावण्यात काही सेकंदच पुरेल इतका तुटपुंजा असतो. परंतु तो रिता होत नाही, कारण क्रिएटिन फॉस्फेट, ग्लायकोजेन आणि प्राणवायू यांच्या आधारे तो क्षणोक्षणी भरून निघतो. (क्रिएटिन फॉस्फेट १९२७ मध्ये आणि एटीपी १९२९ मध्ये वेगळे करणाऱ्यांत भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते, आपल्या पाठ्यपुस्तकांना त्यांचा उल्लेख करायला अजून सवड मिळालेली नाही.) एटीपी वापरले की एडीपी उरते, आणि दोन एडीपींपासून एक एटीपी व एक एएमपी तयार करणारे विकर (एन्झाइम) स्नायूत असते. त्यामुळे एटीपीत किंचित घट झाली तरी एएमपी मात्र कितीतरी पटींनी वाढते. ही वाढ ओळखणारे विकर म्हणजे एएमपीके. उंदीरवर्गीय प्राणी पट्ट्यावर धावत असताना त्यांच्या स्नायूत ते जागे होते, हे विल्यम विंडर आणि ग्रॅहम हार्डी यांनी १९९६ मध्ये दाखवले. जागे झालेले एएमपीके चरबी बनवण्याच्या वाटेवरच्या एका विकराला आवर घालते, त्यामुळे तंतुकणिकांत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांत, चरबी शिरण्यातला अडथळा कमी होतो आणि ती जळू लागते. हे सगळे मिनिटांचे काम आहे.

पुढचा टप्पा तासांचा आहे. पीजीसी-१ अल्फा नावाचे एक प्रथिन तंतुकणिका वाढवणाऱ्या जनुकांना चालना देते. त्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेली प्रत, माणसाच्या स्नायूत व्यायामानंतर दोन ते चार तासांच्या सुमारास शिगेला पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी जवळपास पूर्वपदावर येतो. म्हणजे सकाळच्या सरावाचा नमुना दुसऱ्या सकाळी घेतला, तर “काही बदल झाला नाही” असा निष्कर्ष निघेल आणि तो साफ चुकीचा असेल. त्यानंतरचा टप्पा आठवड्यांचा. जॉन होलोस्झी यांनी १९६७ मध्ये धावण्याचा सराव दिलेल्या प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या स्नायूत तंतुकणिकांतील विकरांची क्षमता जवळजवळ दुप्पट झाल्याचे दाखवले. ती वाढ एका धावेची नसून आरएनएच्या वारंवार येऊन ओसरणाऱ्या लाटांमधून साठत गेलेली असते. एकाच स्नायूला पाचव्या मिनिटाला, तिसऱ्या तासाला, दुसऱ्या दिवशी आणि आठव्या आठवड्याला प्रश्न विचारला, तर चार वेगळी उत्तरे मिळतात आणि चारही खरी असतात. शिवाय सराव केलेल्या व्यक्तीचा नमुना शेवटच्या व्यायामानंतर लगेच घेतला, तर जे दिसते ते महिन्यांच्या सरावाचे फळ की कालच्या धावण्याचा अवशेष, हे वेगळे करता येत नाही. हा गोंधळ नावाजलेल्या शोधनिबंधांतही आढळतो, तेव्हा तुझ्या प्रकल्पात तो होणार नाही असे धरून चालू नकोस.

आयरिसिनविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण त्यात तुझे पैसे अडकणार आहेत. २०१२ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने असे मांडले की व्यायामाने स्नायूतून आयरिसिन नावाचे संप्रेरक रक्तात येते आणि पांढऱ्या चरबीला ऊर्जा जाळणाऱ्या तपकिरी चरबीचे गुण देते. कल्पना मोहक होती, वृत्तपत्रांनी ती उचलून धरली आणि थोड्याच काळात ते मोजण्याची किट बाजारात आली. मग शंका पुढे येऊ लागल्या. माणसात या प्रथिनाच्या जनुकाचा आरंभ-संकेत, म्हणजे प्रथिन कुठून बनवायला लागायचे हे सांगणारी तीन अक्षरे, नेहमीची एटीजी नसून एटीए आहे, त्यामुळे त्यापासून प्रथिन फारच थोडे बनत असावे, हे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. २०१५ मध्ये आणखी एका गटाने किटमधली प्रतिपिंडेच तपासली आणि ती आयरिसिनबरोबर रक्तातील इतर प्रथिनांनाही चिकटतात, असे आढळले. म्हणजे कित्येक शोधनिबंधांत छापलेला आकडा नेमका कशाचा होता, हेच सांगता येत नव्हते. त्याच वर्षी मूळ गटाने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे प्रथिनाचे तुकडे वजनावरून ओळखून, ते माणसाच्या रक्तात असल्याचे दाखवले. बैठे जीवन जगणाऱ्यांत मिलिलिटरला सुमारे ३.६ नॅनोग्रॅम आणि सराव केलेल्यांत ४.३.

या आकड्यांवर क्षणभर थांब. फरक जवळजवळ एकपंचमांशाचा आहे. आता तुझ्या संघातल्या मुली तासभर मैदानावर धावल्या की त्यांच्या रक्तातील द्रव काही प्रमाणात स्नायूंत जातो, काही घामावाटे निघून जातो, आणि तीव्र व्यायामात रक्तद्रवाचे आकारमान दहा टक्क्यांहूनही अधिक घटू शकते. द्रव घटला की त्यातील प्रत्येक प्रथिनाची तीव्रता आपोआप वाढलेली दिसते. शरीराने एक कणही नवा सोडलेला नसला तरी. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) मोजून ही दुरुस्ती कशी करायची, याची रीत डेव्हिड डिल आणि डेव्हिड कॉस्टिल यांनी १९७४ मध्येच घालून दिली आहे, तरीही ती न करता छापलेले निष्कर्ष सर्रास भेटतात. तेव्हा ज्या किटच्या अचूकपणाबद्दल वाद आहे, ती घेऊन, ही दुरुस्ती न करता, मोजक्या मुलींवर “आधी आणि नंतर” असे मोजलेस, तर आकडे नक्की मिळतील; त्यांतून कळणार मात्र काही नाही. माझा स्पष्ट सल्ला आहे की ही किट घेऊ नकोस.

रक्त घेण्याचा विचार असेल तर आणखीही काही अडचणी आहेत. मैत्रिणींचे रक्त घेण्यासाठी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी आणि प्रत्येकीची समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते. संघातल्या मुली तुला नाही म्हणायला संकोचतील, ही गोष्ट समिती विचारात घेईल आणि तिने घेतलीच पाहिजे. रक्त प्रशिक्षित व्यक्तीनेच काढायचे असते. नळीत गेल्यावरही रक्त स्वस्थ बसत नाही : लाल पेशी ग्लुकोज वापरत राहतात आणि खोलीच्या तापमानाला ते तासाला ५ ते ७ टक्क्यांनी घटत जाते, म्हणून फ्लोराइड असलेल्या राखाडी झाकणाच्या नळ्या, बर्फ आणि जवळच सेंट्रिफ्यूज हवा. आपल्याकडच्या मे महिन्यात मैदानावरून कॉलेजपर्यंत नमुने दुचाकीवर आणण्याचा बेत असेल, तर तो आताच सोडून दे. सकाळी पेज पिऊन आलेली मुलगी आणि उपाशी आलेली मुलगी यांची तुलना होत नाही, तशीच मासिक पाळीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या मुलींचीही सरसकट होत नाही. या क्षेत्रातले बरेचसे जुने ज्ञान पुरुषांवरच्या आणि नरांवरच्या प्रयोगांतून आले आहे, हे लक्षात घेतले तर तुझ्या संघाकडे पाहून काही चांगले प्रश्न सुचू शकतील. पण त्यांची वेळ आता नाही.

मग प्रकल्प काय करावा? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ मध्ये व्यायामाच्या रेणवीय परिणामांचा नकाशा काढणारा मोट्रपॅक हा मोठा सामूहिक उपक्रम सुरू केला. त्यातील प्राण्यांवरचे काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. नर आणि मादी अशा दोन्ही प्राण्यांना एक, दोन, चार आणि आठ आठवडे धावण्याचा सराव दिला होता, नमुने शेवटच्या धावेनंतर ४८ तासांनी घेतले होते (का, ते आता तुला सांगायला नको), आणि १८ प्रकारच्या ऊती व रक्त यांतील आरएनए, प्रथिने, चयापचयातील लहान रेणू असे सारे मोजले होते. ही माहिती सर्वांना खुली आहे. एक साधा लॅपटॉप, आर ही संगणकीय भाषा आणि तीनचार महिन्यांची चिकाटी एवढ्या भांडवलावर तू विचारू शकतेस की स्नायूत आणि यकृतात तंतुकणिकांची प्रथिने वाढतात तेव्हा त्यांचे आरएनएही त्याच आठवड्यात वाढलेले असतात का, आणि नर-माद्यांत हा क्रम सारखाच असतो का. हा खरा प्रश्न आहे, त्याचे उत्तर “नाही” आले तरी ते उत्तरच असेल, आणि कोणाला सुई टोचावी लागणार नाही. हाताने काम करायचीच इच्छा असेल आणि कॉलेजात पेशीसंवर्धनाची सोय असेल, तर उंदराच्या स्नायूच्या सी२सी१२ या पेशी वापरता येतील. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातून पेशीवाण मिळवता येतात. पण त्या बशीत व्यायाम करत नाहीत, एवढे भान प्रबंध लिहिताना ठेवावे लागते.

एकाच गाजलेल्या रेणूच्या मागे धावण्याबाबत शेवटचे सांगतो. २००८ मध्ये जीडब्ल्यू५०१५१६ आणि आयकार या दोन रसायनांनी उंदरांची धावण्याची क्षमता वाढल्याचे प्रसिद्ध झाले आणि “व्यायामाची गोळी” आल्याचा गाजावाजा झाला. त्यांतील पहिल्याचा औषध म्हणून विकास आधीच थांबला होता, कारण प्राण्यांत त्याने गाठी निर्माण केल्या. उत्तेजक-विरोधी यंत्रणेने दोन्हींवर बंदी घातली. तरी काही जिममध्ये ते नाव अजून कुजबुजले जाते. खेळाडू म्हणून तुझ्या कानावर आले तर काय म्हणायचे, ते तुला ठाऊक असावे म्हणून लिहिले.

जैवरसायनशास्त्र की क्रीडाविज्ञान, या प्रश्नाला माझे उत्तर जैवरसायनशास्त्र असे आहे, मात्र शरीरक्रियाशास्त्राची जोड देऊन. कारण असे की या विषयातील सर्वांत अवघड गोष्ट साठा आणि प्रवाह यांतला भेद ओळखण्याची आहे. संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यात किती रोकड आहे, त्यावरून दिवसभरात किती धंदा झाला हे बाबांना सांगता येणार नाही. आवक आणि जावक दोन्ही पाहावी लागेल. साखर तुटताना तयार होणाऱ्या लॅक्टेटचे रक्तात तसेच आहे. ते बेताचेच दिसले तरी एका स्नायूत भराभर तयार होऊन हृदयात आणि दुसऱ्या स्नायूंत तितक्याच वेगाने जळत असू शकते. लॅक्टेट हा टाकाऊ पदार्थ नसून ऊतींमध्ये फिरणारे इंधन आहे, ही मांडणी जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकात अशा प्रवाहांचाच माग काढून केली. माग काढायचा तर कार्बन-१३ सारख्या समस्थानिकांनी खूण केलेले रेणू, विकरांची गतिकी आणि संख्याशास्त्र यायला हवे, आणि ते पुढे जाऊन आपले आपण शिकणे कठीण जाते. व्यायाम-सायकल कशी लावायची, प्राणवायूचा कमाल वापर कसा मोजायचा, हे क्रीडाविज्ञानातले कसब मोलाचे आहे, पण ते एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत काही महिन्यांत हाताखाली शिकता येते. प्रशिक्षक किंवा खेळाडूंची आहारतज्ज्ञ व्हायचे असते, तर मी उलट सल्ला दिला असता.

गोवा सोडण्याचे म्हणशील, तर लगेच सोडण्याची निकड नाही. ताळगावच्या पठारावरील गोवा विद्यापीठात जैवतंत्रज्ञान, प्राणिशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि तिथून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या शरीरक्रियाशास्त्र व जैवरसायनशास्त्र विभागांतील शिक्षकांना प्रत्यक्ष जाऊन भेट. ज्या राज्यात चारांतल्या एका प्रौढाला मधुमेह आहे, तिथल्या डॉक्टरांकडे रुग्णांच्या रूपाने प्रश्न असतात आणि ते रेणूंत मांडणारे हात कमी असतात. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या संकुलात जीवशास्त्राचा विभाग आहे आणि तिथे पीएच.डी. करता येते. तरीही पीएच.डी.साठी तू बाहेर पडशील असाच माझा अंदाज आहे. पुण्याची आयसर आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आणि सीसीएमबी ही नावे आधी पाहा. परदेशात कोपनहेगनची परंपरा जुनी आहे. स्नायूंतील केशवाहिन्यांवरच्या कामासाठी १९२० चे नोबेल मिळवलेले ऑगस्ट क्रोघ तिथलेच.

जाताना गोव्याचा प्रश्न मात्र सोबत ने. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली होती : दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण एकाच्या शरीरात चरबी २१.२ टक्के आणि दुसऱ्याच्या ९.१ टक्के, अधिक चरबी आपल्या माणसाची होती. दिसायला सडपातळ, पण स्नायू कमी आणि चरबी अधिक अशा शरीरात, भात-आमटीच्या जेवणानंतर अर्धा तास चालल्याने स्नायूत, यकृतात आणि चरबीत काय बदलते, आणि ते युरोपीय माणसांवर लिहिलेल्या पुस्तकांप्रमाणेच घडते का? असा प्रश्न घेऊन येणारी विद्यार्थिनी कोणत्याही प्रयोगशाळेला हवीशी वाटेल.

आईच्या बी.एड.च्या आग्रहाकडे तुच्छतेने पाहू नकोस. तिची काळजी पोटापाण्याची आहे, आणि खाण बंद पडलेली पाहिलेल्या घरात ती असणारच. तिला दोन गोष्टी सांग. एम.एस्सी.नंतरही बी.एड. करता येते, त्यामुळे ती वाट बंद होत नाही. आणि सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून तिची रक्कम महिन्याला ३७,००० रुपये आहे, निवासभत्ता वेगळा. गेट आणि टाटा संस्थेकडून घेतली जाणारी जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा याही वाटा आहेत. तिन्हींची तयारी बव्हंशी एकच असते, म्हणून एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून ती सुरू कर.

त्याआधी एक उन्हाळा दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत काढ. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. अर्ज उन्हाळ्याच्या बरेच आधी मागवले जातात, तेव्हा दिवाळीच्या आसपास लक्ष ठेव. थेट शास्त्रज्ञांनाही लिहिता येते. त्या पत्रात विषयाची ओढ लहानपणापासून आहे, वगैरे लिहू नकोस. असली पत्रे त्यांना ढिगाने येतात. त्यांचा एक शोधनिबंध नीट वाच, त्यातली एक आकृती निवड, तिच्यात नमुने कोणत्या वेळी घेतले आहेत ते पाहा, आणि तुला आणखी एका वेळेचा नमुना घ्यायला मिळाला तर तो केव्हा घेशील आणि का, हे सहासात वाक्यांत लिहून पाठव.